भाजणीची वीट

गेल्या सप्टेंबरात भाची शिकायला जर्मनीला निघाली, तेव्हा थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दोन प्रकारच्या चटण्या घेऊन मी आमच्या भागातल्या मसाल्याच्या दुकानात गेले. तिथे व्हॅक्यूम पॅकिंग करून मिळतं. परदेशी निघालेल्या मुलांच्या आया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. माझ्या सामानात चकल्याही होत्या. दुकानातल्या मुलाने त्या अलगद बाजूला काढल्या. "ताई, ह्यांना व्हॅक्यूम नको. भुगा होईल नुसता."

यंत्र म्हणजे एक बुटकी पेटी, वर जाड पारदर्शक झाकण. त्याने भाजणीची पिशवी आत आडवी ठेवली, तिचं तोंड एका पट्टीवर सारखं पसरलं आणि झाकण दाबलं. पंप घरघरायला लागला. आता पिशवी आकसत जाणार म्हणून मी बघत होते. झालं उलटंच. ती किंचित फुगली. मग पट्टी तापून तोंड चिकटलं, पंप थांबला, पेटीत बाहेरची हवा फस्सकन शिरली आणि त्या क्षणी पिशवी चहूबाजूंनी अशी आवळली की भाजणीची वीट झाली. हवा काढताना पिशवी आवळली नव्हती. आवळली ती हवा परत आल्यावर.

हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं उलगडतं. पिशवी आतून कोणी ओढून घेत नाही, बाहेरची हवा तिला दाबते. आतली हवा तोवर तेवढ्याच जोराने सामना देत असते, म्हणून एरवी आपल्याला हा भार जाणवत नाही. समुद्रसपाटीला तो दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो भरतो. 20 बाय 25 सेंटीमीटरच्या पिशवीच्या एकेका अंगावर 500 किलो! चकलीचा काय निभाव लागणार?

भाची ज्या विद्यापीठात निघाली होती, त्याचं नाव ओटो फॉन गेरिके विद्यापीठ, माग्डेबुर्ग. पिशवीतून हवा काढण्याच्या विद्येचा मूळपुरुष शोधायला निघालं की गाठ पडते ती नेमकी या गेरिकेशीच. सतराव्या शतकात तो माग्डेबुर्गचा महापौर होता. निसर्गात रिकामी जागा असूच शकत नाही, हे मत तेव्हा मोठमोठे विद्वान धरून होते. गेरिकेला ते पारखून बघायचं होतं. त्याने लाकडी पिंप पाण्याने भरलं आणि पंपाने पाणी उपसायला लावलं, तर लाकडाच्या फटींतून हवा आत शिरू लागली. मग त्याने तांब्याचा पोकळ गोळा घेतला आणि थेट हवाच उपसायला सुरुवात केली. माणसं पंप ओढत असताना अचानक मोठा आवाज झाला आणि तो तांब्याचा गोळा फडकं चुरगाळावं तसा चेपला. गेरिकेने हार मानली नाही. अधिक नीट घडवलेला गोळा घेऊन त्याने तो रिकामा केला आणि 1650 च्या दशकात दोन अर्धगोल एकमेकांना जोडून, आतली हवा काढून, घोड्यांच्या दोन तुकड्यांकडून ते ओढवले. घोडे हरले.

जगाच्या लक्षात राहिले ते घोडे. मला मात्र चेपलेला पहिला गोळा जास्त मोलाचा वाटतो. गेरिकेच्या दृष्टीने ते भांडं फसलं होतं, पण आपल्या पिशवीचा खरा पूर्वज तोच. बाहेरच्या दाबापुढे नमणारं आणि आतल्या वस्तूला बिलगणारं भांडं, हेच तर पुढे हवं होतं.

ते मिळायला मात्र तीनशे वर्षं जावी लागली, कारण अन्न टिकवणारेही ताठ भांड्यांच्याच मागे होते. फ्रान्समधला मिठाई करणारा निकोला आपेर काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट ठोकून, त्या उकळत्या पाण्यात ठेवी. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. हवा अडली म्हणून टिकतं, अशीच समजूत होती. 1860 च्या सुमारास लुई पाश्चरने दाखवून दिलं की नासवतात ते सूक्ष्म जीव, आणि उकळण्याने मरतात तेही तेच.

इथे एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी, कारण घरोघरी ही यंत्रं आली आहेत. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात एका वाद्यवृंदाच्या लोकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. एमील फान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जो जंतू शोधला, तो हवा नसेल तिथेच वाढणारा होता. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. म्हणून भाजणी, डाळ, मसाला अशा कोरड्या जिनसांची हवा खुशाल काढावी. शिजवलेली उसळ किंवा मांस हवा काढून बाहेर ओट्यावर ठेवू नये. त्याची जागा फ्रीजमध्ये, आणि जास्त दिवस ठेवायचं तर फ्रीझरमध्येच.

हवा अडवायला आपणही शिकलो होतो, पण पंपाशिवाय. लोणच्यावर तेलाचा चार बोटं थर राहील असं बघायचं आणि बरणीला दादरा बांधायचा, हे आजीने सांगितलेलं. धान्यासाठी जमिनीत पेव असायचं. कृष्णा आणि वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात सांगलीच्या बाजारपेठेची हळद वर्षानुवर्षं अशा पेवांत राहत आली. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेवाचं तोंड वरून बंद करून माती लिंपली की आतली हवा कोणी उपसत नाही. किडे आणि धान्य श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शेवटी किडेच गुदमरतात. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरायचं नाही, हा नियम त्यातूनच आला. तोंड उघडं ठेवून द्यायचं, मग दिवा खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा मातीखाली कोंडून ठेवलेलं धान्य एकदम बाहेर यावं, तसं ते दृश्य असतं.

ही युक्ती जुनी म्हणून मोडीत निघालेली नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीचे भुंगे रोखायला याच तत्त्वावर पिशवी तयार केली. आत प्लॅस्टिकची दोन अस्तरं, बाहेर विणलेलं पोतं, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं पिळून बांधायचं. पंप नाही, वीज नाही, औषध नाही. भुंगेच आपला प्राणवायू संपवतात. चवळी पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्याला पेव खणायला न लावता पेव हातात दिलं, अशी ही पिशवी. या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच.

पंपाच्या वाटेने जाणारी पिशवी मात्र कारखान्यातून आली. पहिली रबराची होती. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये लॅटेक्सच्या पिशवीत मांस घालून, हवा काढून, गोठवायची पद्धत निघाली आणि ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ड्यूई अँड आल्मी या कंपनीने उचलली. क्रायोव्हॅक हे नाव त्यातूनच पुढे आलं. आख्खी टर्की पिशवीत घालायची, हवा काढायची, तोंड बांधायचं आणि गरम पाण्यात बुडवायचं, की पिशवी आकसून कातडीसारखी बसे. गेरिकेचा चेपलेला गोळा इथे पहिल्यांदा कामाला लागला.

पॉलिथिनचा जन्म तर अपघाताने झालेला. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट 1933 च्या मार्चमध्ये प्रचंड दाबाखाली दुसराच प्रयोग करत होते. भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला, तो हा. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांवर चढला, स्वयंपाकघरात आला तो त्यानंतर. पॉलिथिन पाण्याची वाफ अडवतं, उष्णतेने छान चिकटतं, पण प्राणवायू त्यातून हळूहळू झिरपतो. नायलॉनचं उलटं आहे, ते प्राणवायू अडवतं. म्हणून व्हॅक्यूमच्या पिशवीत बाहेर नायलॉन आणि आत पॉलिथिन अशी जोडी असते. साध्या दुधाच्या पिशवीतून हवा काढून मसाला ठेवला तर काही महिन्यांनी वास उडतो, त्याचं कारण हेच.

दाबून बंद होणारी झिपची पिशवी वेगळ्या घराण्यातली. तिची खाचेची जोडपट्टी डॅनिश संशोधक बॉर्गे मॅडसन यांची. रुमानियाहून अमेरिकेत आलेल्या स्टीव्हन ऑसनिट यांच्या कुटुंबाने तिचे हक्क घेतले. लोकांना ती पिशवी उघडावी कशी हेच आधी कळत नसे. ग्रामोफोन तबकड्यांच्या एका कंपनीत ऑसनिट नमुना घेऊन गेले, तर तिथल्या सहायक बाईंनी झिप न उघडता ती फाडलीच. 1968 मध्ये ती झिपलॉक नावाने बाजारात आली. तिच्यातली हवा काढायला मशीन लागत नाही. मे महिन्यात आमरसाची पिशवी मी बादलीभर पाण्यात हळूहळू सोडते. झिपचा एक कोपरा उघडा आणि पाण्याच्या वर ठेवायचा. 10 सेंटीमीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या शंभराव्या हिश्शाएवढाच असतो, पण पिशवी मऊ असते आणि हवेला बाहेर जायला कोपरा मोकळा असतो. पाणी खालून वर पिशवी दाबत येतं, कोपऱ्यातून शेवटचे चार बुडबुडे फुटतात, की कोपरा दाबून टाकायचा. फ्रीझरमध्ये मग आमरसावर बर्फाची कुसळं येत नाहीत.

घरच्या व्हॅक्यूम यंत्राची खरी अडचण याच कोपऱ्याची होती. दुकानातल्या पेटीत पिशवीच्या आत आणि बाहेर दाब एकदमच कमी होत जातो, म्हणून गुळगुळीत पिशवी चालते. घरच्या यंत्राला पेटी नसते, ते नुसतं तोंडापाशी हवा ओढतं. हवा जायला लागली की पिशवीचे दोन्ही पदर आधी तोंडाजवळच एकमेकांना चिकटतात आणि आतली हवा आतच कोंडते. पंप कितीही मोठा आणा, वाट बंद झालेली असते. अमेरिकेत हॅन्स क्रिस्टेन यांनी 1980 च्या दशकात उपाय काढला तो पंपात नव्हता, पिशवीत होता. एका पदरावर उठाव द्यायचे. पदर चिकटले तरी उठावांच्या मधल्या बारीक पन्हळींतून हवा वाहत राहते. फूडसेव्हर हे घरगुती यंत्र या पिशव्यांच्या बळावर चाललं.

जानेवारीत भाचीचा फोन आला. भाजणीच्या विटेला कात्री लावल्याबरोबर फुस्स झालं आणि चार बोटांनी कुस्करल्यावर सगळी मोकळी झाली म्हणाली, वासही घरच्यासारखाच आला. "पण मावशी, एकदा कापली की संपलंच गं. पुढच्या वेळी वाटीवाटीच्या छोट्या कर."

त्यासाठी मी आता घरचं यंत्र घेतलंय. रोल उलगडून पिशव्या कापताना दर वेळी नखाने चाचपून बघते, खरखरीत पदर कोणता ते.