घोड्याची दौड आणि सावेदादांचा कॅमेरा

दिल्लीचा रेसकोर्स आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिला असेल. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी भूमीपासून सुटतात काय, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. कॅलिफोर्नियातील धनिक लीलंड स्टॅनफर्ड यांना आपल्या शर्यतीच्या घोड्यांविषयी हेच कुतूहल होते. १८७२ साली त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारास पाचारण केले.

१८३० साली इंग्लंडमध्ये जन्मलेला मायब्रिज योसेमिटी दरीच्या छायाचित्रांमुळे अमेरिकेत नावारूपास आला होता. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे त्याने बारा कॅमेरे ओळीने मांडले व प्रत्येकाचा दोरा वाटेत आडवा ताणला. सॅली गार्डनर ही घोडी दौडत गेली, दोरे तुटत गेले आणि उत्तर हाती आले. पाय सुटतात खरे. परंतु चित्रकार रंगवीत आले तसे फाकलेले असताना नव्हे, तर पोटाखाली एकवटलेले असताना!

या छायाचित्रांवरून काढलेल्या आकृती मायब्रिजने पुढे पडद्यावर हलत्या करून दाखविल्या. चलच्चित्राची वाट येथून रुंदावली. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागविला, १८९९ साली मुंबईत कुस्ती टिपली आणि १९०३ साली आपल्या याच दिल्लीतील दरबारही चित्रित केला.

डोळा चुकतो, तशी आठवणही चुकते. म्हणून घरोघरच्या जुन्या छायाचित्रांमागे नावे व साल आजच लिहून ठेवावे, एवढीच सुवर्णमहोत्सवानिमित्त विनंती.