बर्फ, मीठ आणि खारं पाणी

परवा मिनियापोलिसहून पुतण्याचा फोन आला. "काका, उद्या बर्फ आहे. आज रस्त्यांना मिठाचं पाणी पाजणं चाललंय." मला आधी थट्टाच वाटली. पण नाही, बर्फ पडायच्या आधीच तिथे मिठाच्या पाण्याचे टँकर फिरतात आणि रस्त्यावर पांढऱ्या रेघा ओढून जातात, म्हणे.

आता नागपूरकराला हे कसं पटावं? आमचा पारा 23 मे 2013 ला 47.9 वर गेला होता. थंडीचा विक्रम म्हणाल तर 29 डिसेंबर 2018 चा, 3.5 अंश. तेवढ्यात आम्ही कानटोप्या काढून शेकोट्या पेटवल्या होत्या.

पण फोन ठेवल्यावर आठवलं, हा प्रयोग तर आपण लहानपणी अंगणात केलाय! उन्हाळ्याच्या सुट्टीतलं पॉट आइस्क्रीम. लाकडी बादलीत बर्फ, त्यावर मूठमूठ जाडं मीठ, आणि हँडल फिरवायला भावंडांची रांग. मीठ घातलं की बर्फ वितळायचा, पण ते पाणी शून्याच्याही खाली जायचं. म्हणून तर आतलं दूध गोठायचं. रस्त्यावर तेच घडतं, फक्त तिथे गोठवायचं काही नसतं, पाणी गोठू द्यायचं नसतं.

ही गंमत माणसाला फार आधीपासून माहीत आहे. फॅरनहाइटने 1724 मध्ये आपल्या मापाचं शून्य ठरवलं तेच मुळी बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावरून. 1788 मध्ये ब्लॅग्डेनने दाखवलं की जितकं मीठ जास्त, तितका गोठणबिंदू खाली. अर्थात त्याला हद्द आहे. पाण्यात 23 टक्क्यांच्या जरा वर मीठ असलं की ते उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. त्याहून जास्त घालून उपयोग नाही. टँकरमधलं पाणी याच मापाचं असतं.

अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकायचा पहिला प्रयोग 1938 साली न्यू हॅम्पशायरने केला. 1941-42 च्या हिवाळ्यात देशभरात 5,000 टन लागलं. आता दरवर्षी सुमारे 2 कोटी टन लागतं! कोरडे खडे गाड्यांच्या चाकांनी उडून कडेला जातात, पाणी मात्र रस्त्याला धरून राहतं आणि बर्फाला चिकटूच देत नाही. म्हणून ही नवी पद्धत, थोड्या मिठात काम भागवायची.

इथवर सगळं छान. पण मला आठवली आजी.

आजी दर्यापूरकडची, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली. तिच्या माहेरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. या पट्ट्यात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढत. पुढे सरकारने मिठावर कर लावला, आणि ते काढणं गुन्हा ठरलं. एप्रिल 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठला आणायचा? मग अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरी कामी आल्या. तिथलं पाणी उपसून सत्याग्रह्यांनी मीठ केलं. ब्रिजलाल बियाणी, वीर वामनराव जोशी अशी मंडळी त्या लढ्यात होती. पुढे 10 जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला, तो या पुढचा टप्पा.

म्हणजे बघा, ज्या खाऱ्या पाण्यातून चिमूटभर मीठ काढलं म्हणून आमची माणसं तुरुंगात गेली, तेच आज तिकडे टँकरने रस्त्यावर ओततात. काळाचा महिमा, दुसरं काय!

पण आजीचं दुःख मिठाच्या कराचं नव्हतंच, ते होतं खाऱ्या पाण्याचं. त्या गावांत आजही गोड्या पाण्याची वाट बघतात, किडनीचे रोगी घरोघरी ऐकू येतात. एकदा मीठ पाण्यात उतरलं की ते परत निघत नाही, हे तिला शाळेत न जाताही ठाऊक होतं. मिनेसोटाचे अधिकारी आज तेच सांगतात: एक चमचा मीठ सुमारे 19 लिटर पाणी जलचरांसाठी कायमचं बिघडवतं. रस्त्यावरचं मीठ बर्फाबरोबर वितळून तळ्यांत आणि भूजलात जातं.

मी हे सगळं पुतण्याला ऐकवलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, दोन वर्षांपूर्वी माझी गाडी बर्फावरून घसरून खांबावर आदळली होती. त्या रस्त्यावर त्या दिवशी मीठ नव्हतं. तुम्हाला सांगितलं नाही, आई घाबरली असती."

आता मी गप्प झालो.

मीठ टाकू नका असं मी कसं म्हणू? पोरगं सुखरूप घरी यायला हवं. फक्त वाटतं, मोजून टाका रे बाबांनो. स्वयंपाकात मीठ घालताना आजीचा हात जसा थांबायचा, तसा. जास्त पडलं तर भाजीत बटाटा घालता येतो, तळ्यात काय घालणार?

असो. फोन ठेवताना त्याला म्हटलं, गाडी हळू चालव. आणि उन्हाळ्यात ये, पॉट काढून ठेवतो.