आजोबांची इटली आणि आजीची विहीर



हस्ताच्या पावसाने नऊ दिवस रान धरून ठेवलंय. वाफसा नाही, ज्वारीची पेर अडली, ट्रॅक्टर शेडात उभा. अशा वेळी आमचे आजोबा बांधावर उभे राहून काडीने चपलेचा चिखल काढत म्हणायचे, "हे काहीच नाही. चिखल बघायचा तर सांग्रोचा." आम्हा पोरांना ते सोलापूरकडचं सांगोला वाटायचं. सांगोल्यात कुठला आलाय एवढा चिखल, म्हणून आम्ही मागं हसायचो. सांग्रो ही इटलीतली नदी आहे हे मला दहावीनंतर कळलं.

बरेच दिवस लिहायचं होतं, आज हात मोकळे आहेत म्हणून लिहितो.

आमचं जुनं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. नदी समोर दिसायची, पण रान उंचावर, सगळं जिरायत. आजोबा 1941 ला भिगवण स्टेशनवरून गाडीत बसले आणि बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले. देशासाठी वगैरे नाही, सावकाराचं देणं होतं म्हणून. हे ते स्वतःच सांगायचे, त्यात लाज मानली नाही. लग्नाला दीड वर्ष झालेलं.

आजीचं माहेर बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्यावरचं. हा कालवा 1885 चा, भाटघरच्या पाण्यावरचा. म्हणजे आजी जन्मली तेव्हा तिच्या माहेरी दोन पिढ्यांनी पाटाचं पाणी बघितलं होतं. ऊस, गुऱ्हाळ, मळा यात वाढलेली पोरगी आमच्या कोरड्या रानात आली. ती म्हणायची, "तुमच्या घरात सगळी माणसं आभाळाकडं बघून बोलायची."

आजोबांची पहिली पलटण, फर्स्ट मराठा, आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. आधी इराक-इराणकडे, मग सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या टाचेवर तारांतो बंदरात उतरली. तिथून पुढं नदीमागून नदी. इटलीला मधोमध डोंगराचा कणा आहे, नद्या त्याच्यावरून आडव्या समुद्राला जातात. जर्मन प्रत्येक नदीमागं दबा धरून बसायचे. एक ओलांडली की ते पुढच्या नदीमागं. नोव्हेंबरमध्ये सांग्रोला पूर आला, टाकलेले पूल वाहून गेले. आजोबा सांगायचे, माती आपल्यासारखीच, ओली झाली की पाय सोडत नाही. खेचरं पोटापर्यंत रुतायची. मे 1944 मध्ये कासिनोजवळ गारी नदी, ती रात्री ओलांडली. यावर ते फार बोलत नसत.

सेनियोवर मात्र बोलायचे. या नदीला दोन्ही बाजूंनी उंच भराव घातलेले होते, पूर आवरायला. आपल्या कालव्याचा भराव डोळ्यापुढं आणा, त्याच्यापेक्षा उंच आणि पोटात बंकर खणलेले. 9 एप्रिल 1945 ला त्यांची पलटण तिथं उतरली. कंपनीचा रनर होता नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचा, वय तेवीस. मशीनगनच्या माऱ्यात त्याने एका जखमीला खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या भरावावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडं नेलं. परत आला, दुसऱ्याला नेलं. मग एकट्याने मशीनगनचं एक ठाणं बंद केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती टाकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी उडवली. शेवटी भरावावर उभा राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि बाकीच्यांना हाताने पुढं बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्या मराठ्याच्या यशवंत घाडगे यांना मिळाला होता, माणगावकडच्या पळसगावचे. ते तिथंच पडले.

इटलीत साधारण पन्नास हजार हिंदी सैनिक लढले, 5,782 गेले. सांग्रोकाठच्या स्मारकावर आपल्या पाचशेहून जास्त जणांची नावं आहेत. 2023 मध्ये मोंतोने गावात घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

आता आजीचं.

आजोबांच्या पगारातली मनीऑर्डर पणजोबांच्या नावाने यायची. बोली अशी होती की त्यातून देणं फेडायचं. लढाईचे दिवस म्हणजे कंट्रोलचे दिवस. कापड नाही, रॉकेल नाही, धान्यावर लेव्ही. आजीने सासऱ्याच्या मागं टुमणं लावलं. सावकाराला नुसतं व्याज द्या, मुद्दल थांबवा, आधी विहीर पाडा. पाणी असलं तर देणं आपोआप फिटेल, नसलं तर पुन्हा काढावं लागेल. वर्षभर पणजोबांनी ऐकलं नाही. मग ऐकलं. सुरुंगाची दारू मिळेना, म्हणून वडार लोकांनी पहार आणि घणाने खोदली. वर काळी, मग मुरूम, मग पाषाण. सात परसावर पाणी लागलं. वरचं बांधकाम घडीव दगडाचं. शेवटच्या थरांना आजीने दगड वाहिले.

हे आजोबांना कळवलंच नाही. आजीला लिहिता येत नव्हतं, आणि पत्र लिहून देणारा घरचा नव्हता. "लढाईत डोक्यात विहीर कशाला घालायची," असं ती म्हणायची. मला वाटतं तिला नकाराची भीती होती.

1946 ला आजोबा आले. स्टेशनवरून चालत आले, रानात मोट चालू दिसली. आपलंच रान का म्हणून थांबले. घरी आल्यावर कळलं की मुद्दल जसंच्या तसं आहे. पाच वर्षं ज्याच्यासाठी नद्या ओलांडल्या ते देणं तिथंच. आजोबा आजीशी महिनाभर बोलले नाहीत. भाकरी घ्यायचे, ताटाकडं बघून जेवायचे. मग गव्हाला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा स्वतःच मोटेवर गेले. माफी कुणी कुणाची मागितली नाही. देणं 1951 ला फिटलं, ते कांद्यावर आणि भुईमुगावर.

उजनीचं पाणी चढलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. घर उतरवलं, दारं-चौकटी गाडीत घातल्या. मोबदल्याच्या कागदावर 'विहीर, पक्की, एक' असं होतं, खातेदार म्हणून आजोबांचं नाव. आजी त्या दिवशी थारोळ्यावर बसून होती. आजोबांनी तिला हाक मारली नाही, शेजारी जाऊन बसले. एवढंच मला आठवतं.

2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये खोल गेलं, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं. मी आणि धाकटा मोटरसायकलने आमच्या रानाच्या अंदाजाने गेलो. विहीर काठापर्यंत गाळाने भरलेली. धाव ओळखू येत नाही. पण थारोळ्याच्या दगडावर नाड्याने पडलेली खाच आहे, बोट बसतं तिच्यात. शेजारी कुणीतरी गाळपेरीचं कलिंगड लावलं होतं, वेल चांगले होते.

परवा पाऊस उघडला आणि ऊन पडलं तर चार दिवसात वाफसा येईल. मालदांडीचं बियाणं प्रक्रिया करून ठेवलंय. ज्यांच्या घरी लढाईला गेलेलं कुणी होतं त्यांनी लिहा, आणि घरी मागं शेत कुणी केलं तेही लिहा.