उजेडातील उणीव

गुरूच्या चंद्रांवर बर्फ आहे, हे तेथे न जाता कळले कसे, असे मुले मला विचारतात. मी शास्त्रज्ञ नव्हे, शाळामास्तर. म्हणून उत्तरादाखल इतिहासच सांगतो. तो नागपूरहून फार दूर शोधावा लागत नाही.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्यासाठी न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स हे इंग्रज ज्योतिषी वर्णपटदर्शक घेऊन वर्धा जिल्ह्यातील पुलगावी येऊन राहिले होते. सोलापूरकडे जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेच काम केले. सूर्य कशाचा बनला आहे, हे त्याच्या उजेडालाच विचारावयाचे, अशी ही विद्या.

उजेड फोडला की रंग सुटे होतात. पण तांबड्यापलीकडेही किरण असतात. १८०० साली विल्यम हर्शलने तेथे उष्णतामापक ठेवला, तेव्हा डोळ्यांना काही दिसत नसताना पारा चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ त्यांतील आपापला वाटा गिळतो. पाण्याचा बर्फ दीड व दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा उजेड गिळतो. म्हणून परतून आलेल्या उजेडात काय आहे, यापेक्षा काय उणे आहे, हे पाहावयाचे!

गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले. त्यांपैकी युरोपा आणि गॅनिमीड यांच्या उजेडातील ही उणीव पिल्चर, रिजवे व मॅककॉर्ड यांनी १९७२ साली मोजली, आणि बर्फाची खात्री पटली. पुढे आपले चांद्रयान-१ २००८ साली निघाले. त्यावरील अमेरिकी उपकरणाला आपल्याच चंद्रावर तीन मायक्रॉनजवळ अशीच उणीव आढळली. पाण्याची, निदान त्याच्या जवळच्या हायड्रॉक्सिलची, ती खूण २००९ साली जाहीर झाली.

नायगमवालांच्या वेधशाळेचे मात्र काय झाले? भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली होती. वीस इंची दुर्बीण होती. १९१२ साली प्राध्यापक निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाइकनालला गेली. बुद्धी होती, यंत्र होते. मागून येऊन त्या जागी उभा राहणारा नव्हता. आपल्या इतिहासाचा वर्णपट काढला, तर ही काळी रेघ ठळक दिसेल. मुलांना मी बर्फाइतकीच तीही दाखवतो.