बोंडलं : एका चोचीची कुळकथा

भाचीची लेक सहा आठवड्यांची झाली आणि संध्याकाळचं रडणं सुरू झालं. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, पोट नगाऱ्यासारखं टणक. डॉक्टरांनी तपासलं, वजन हवं तितकं वाढत नाही म्हणाले, आणि आईचं दूध पुरत नाही म्हणून वरचं चालू करायला सांगितलं. आम्ही दोघी बाटली आणायला गेलो. दुकानदारानं काउंटरवर सात बाटल्या मांडल्या. एकीच्या पोटात निळी नळी, एकीच्या बुडाला चाळणीसारखी भोकं, एकीची मानच वाकडी. सगळ्यांवर शब्द एकच : अँटी-कॉलिक, म्हणजे पोटदुखीच्या रडण्यावर उतारा. भाची म्हणाली, "मावशी, तूच सांग गं कुठली घेऊ." मी बाटल्या उलटसुलट करून पाहत होते. बंद बाटलीत हवेला वाट कशी करून द्यायची, यासाठी हा सगळा खटाटोप होता. मग मुळात ती बंद केली कोणी?

दोन बाटल्या घेऊन घरी आलो, तर माझ्या आईनं आमच्याआधीच कपाटातून बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढून चिंचेनं घासून ठेवलेलं. (भोंडला नव्हे. आमच्या नव्या पिढीला हे दरवेळी सांगावं लागतं.) तळव्यात मावेल एवढी वाटी, एका अंगाला निमुळती होत गेलेली चोच, वरून सगळं उघडं. मी लहानपणापासून पाहिलेली वस्तू. पण त्या दिवशी चष्मा होता आणि खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून पहिल्यांदाच दिसलं की चोचीच्या टोकाच्या जरा मागे भोवताली एक बारीक खाच आहे. नक्षी म्हणावी, तर बाकीचं सगळं बोंडलं सपाट, कुठे वेलबुट्टी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "सोनारानं केलेली असेल, मला काय माहीत."

त्या खाचेनं माझी झोप उडवली. आता पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी शब्द. आपल्याकडे खाट, तिचं खाटलं. बाज, तिचं बाजलं. टोप, त्याचं टोपलं. तसंच बोंड, त्याचं बोंडलं. इथवर भांडण नाही. पण बोंड कशाचं? आमची वहिनी मराठीच्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिचं म्हणणं, यात कोडं कसलं आलंय, उमललेल्या कापसाच्या बोंडासारखा वाटीचा आकार, म्हणून बोंडलं. ऐकायला बरं वाटतं. पण जरा आठवून पाहा, आपण बोंड कशाकशाला म्हणतो. कापसाचं बोंड, अफूचं बोंड, काजूचं बोंड आणि स्तनाचं बोंड. चारही ठिकाणी ते कशाच्या तरी टोकाशी आलेलं आहे आणि फुगीर आहे. वाटी फुगीर असेल, पण ती टोकाशी नाही. बोंडल्यात टोकाशी काय आहे? चोच. आणि चोच फुगीर नाही, निमुळती आहे.

दुसरा पक्ष बोळ्याचा. कापडाचा किंवा कापसाचा बोळा दुधात बुडवून बाळाच्या तोंडात द्यायचा, ही फार जुनी रीत. ती इतकी घरोघरची होती की 'आम्ही काही बोळ्यानं दूध पीत नाही' असं आपण अजून ठणकावतो, बोळा कधी पाहिला नसला तरी. या पक्षाचं म्हणणं, बोळ्याचंच पुढे बोंडलं झालं. इथे मात्र उच्चार आडवा येतो. मराठीत ड चा ळ होतो : गुडाचा गूळ झाला, तडागाचं तळं झालं. उलटी गंगा अशी वाहत नाही. आणि ण्ड आला की तो आपली जागा सोडत नाही : अंडाचं अंडंच राहतं, दंडाचा दांडा होतो. बोंड हा शब्दही काही कालचा नाही. जैनांच्या अनुयोगद्वारसूत्रात सुताचे प्रकार सांगताना कापसाच्या सुताला 'बोंडज' म्हटलं आहे, बोंडापासून जन्मलेलं. इतक्या पिढ्या टिकलेला शब्द बोळ्याच्या दारात उधारी मागायला कशाला जाईल?

तिसरा पक्ष बोळकं पुढे करतो. बोळकं म्हणजे मातीचं छोटं मडकं, आणि दात नसलेल्या तोंडाचंही बोळकंच. बोळक्यासाठी बोंडलं, बोळक्यातून बोळक्यात! मला ही व्युत्पत्ती मनापासून आवडते आणि त्याच उच्चाराच्या अडचणीमुळे ती साफ चुकीची आहे.

आता माझं मत. ती खाच दोरा बांधायची आहे. चोचीच्या टोकाला कापसाचा किंवा मऊ कापडाचा बोळा बसवायचा, मागे खाचेत दोरा आवळायचा, म्हणजे तो सुटून बाळाच्या घशात जात नाही. वाटीतलं दूध बोळ्यात झिरपतं आणि बाळ तो चोखतं. बघा, टोकाशी फुगीर गोळा आला की नाही? स्तनाच्या बोंडाचं सोंग घेतलेला, आणि तोही कापसाच्या बोंडातून निघालेला. ज्याला बोंड आहे ते बोंडलं. बोळा आणि बोंड हे एकाच चोचीवर नांदले, फक्त नाव एकाचं लागलं. युरोपात गाईच्या पोकळ शिंगातून बाळांना दूध पाजत, तेव्हा शिंगाच्या टोकाला चामडं किंवा कापड असंच बांधत. पुढे कोणा शहाण्या आजीनं आंबट वासाचा बोळा फेकून दिला, नुसती चोच तोंडात दिली, आणि खाच तेवढी मागे राहिली. वहिनी म्हणते, एका खाचेवर एवढा इमला! असू दे.

बोंडाचा आणखी एक धागा आहे, कडू, अफूच्या बोंडाचा. पोट दुखून रडणाऱ्या मुलाला निजवायला बाळागोळी देत, आणि तिच्यात अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बायका ती देऊन मुलं घरी निजवून जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चौकशांत याची नोंद आहे. साहेबाच्या देशातही वेगळं नव्हतं. तिथेही खपणाऱ्या विन्स्लो बाईंच्या अमेरिकन सिरपात मॉर्फिन असे. म्हणजे एका बोंडानं पोट भरायचं आणि दुसऱ्यानं आवाज बंद करायचा.

बाटलीचा इतिहास सगळीकडे छापलेला आहे, तो भराभर सांगते. बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांत सापडलेल्या चोचीच्या मातीच्या भांड्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले, हे २०१९ साली जाहीर झालं; भांडी कांस्ययुगातली आणि लोहयुगातली. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटनं रबरी चुपणीचं पेटंट घेतलं. मग काचेच्या बाटलीत लांब रबरी नळी सोडायची टूम निघाली. मूल पडल्या पडल्या आपलं आपण पिई, आणि नळीत कुजलेलं दूधही पिई. इंग्लंडात तिला खुनी बाटली असं नाव पडलं. तिथल्याच गृहिणींची गुरू इसाबेला बीटन १८६१ साली लिहून गेली की चुपणी एकदा बसवली की काढायची नाही, पंधरवड्यानं नवी लावली की झालं. (तिला आमच्या आईसमोर उभी करायला हवी होती.) फ्रान्सनं १९१० साली कायद्यानं नळीची बाटली बंद केली.

या गर्दीत मला महत्त्वाची वाटते ती होडीच्या आकाराची काचेची बाटली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ॲलन अँड हॅनबरीज कंपनीनं ती खूप खपवली. दोन्ही टोकांना उघडी; एकीकडे चुपणी, दुसरीकडे रबरी झडप. बाळ दूध ओढतं तशी बंद बाटलीत आतली हवा विरळ होते, चुपणी चपटी होऊन चिकटते. मग बाळ तोंड सोडतं, चिडतं, पुन्हा पकडतं आणि दर वेळी हवेचा घोट घेतं. मागच्या झडपेतून हवा आत आली की हा झगडा थांबतो. आजच्या बाटलीच्या पोटातली निळी नळी आणि बुडाची भोकं ही त्या झडपेचीच नातवंडं. आणि बोंडल्याला झडप लागत नाही, कारण ते कधी बंदच नव्हतं.

म्हणून बोंडलं दिलं की मुरडा गेला, असं मात्र नाही. अंगावर पिणारी मुलंही रोज संध्याकाळी तशीच रडतात. मॉरिस वेसल या डॉक्टरनं १९५४ साली कॉलिकची ओळख ठरवली ती नुसत्या रडण्यावरून : दिवसाचे तीन तासांहून जास्त, आठवड्यातले तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. त्यात बाटलीचा उल्लेख नाही. हे रडणं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, आणि श्रेय त्या वेळी घरात जी वस्तू असेल तिला मिळतं. आमच्या घरी ते वेखंडाला मिळालं.

तरी बोंडलं अडगळीत टाकायची वस्तू नाही. तमिळनाडूत त्याची बहीण पालाडै, बंगालात झिनुक. झिनुक म्हणजे शिंपला. कमी वजनाच्या, चोखायची ताकद नसलेल्या बाळांना वाटीनं, पालाडैनं किंवा चमच्यानं पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली सांगितलं. त्या शिफारशीत बाटलीचं नाव नाही. आपल्या १९९२ च्या कायद्यानं तर दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायलाच बंदी आहे.

भाचीनं शेवटी काय केलं? निळ्या नळीची बाटली चार दिवस वापरली. नळी, झडप, चकती मिळून पाच तुकडे ब्रशनं घासायचे आणि उकळायचे, रात्री दोन वाजता. पाचव्या दिवशी ती साध्या, रुंद तोंडाच्या बाटलीवर आली. चुपणी नवजाताची, सर्वांत बारीक भोकाची. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, चुपणी दुधानं भरलेली ठेवायची, मध्येच थांबून ढेकर काढायची. बोंडल्यानं औषधाचे थेंब पाजले, तेही डोकं वर धरून आणि चोच गालाच्या आतल्या बाजूला लावून. पूर्वीच्या बायका पायांवर उताणं निजवून धार सोडत. ते करू नका, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आता एक विनंती. घरातलं जुनं बोंडलं काढा, घासा आणि चोचीच्या टोकाच्या मागे बोट फिरवून बघा. खाच लागली तर या मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. नाही लागली तर वहिनीला कळवू नका.