अब्बांच्या पश्चात घर कुणाचे? भावंडांनी वारसा-वाटपाबद्दल काय जाणून घ्यावे

अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षे होतात, पाच होतात, कधी दहाही होतात, तरी घर त्यांच्याच नावावर राहते. भाऊ म्हणतात, "एवढी घाई कसली?" बहिणी मनात म्हणतात, "हिस्सा मागितला तर माहेर तुटेल." मग भावंडांपैकी एखादा जातो, त्याची मुले वारस होतात आणि पाच जणांत सुटणारा प्रश्न वीस जणांचा होऊन कोर्टात जातो. आपल्या समाजातले बरेच तंटे लालसेपेक्षा या दिरंगाईतून वाढतात, असे आम्हाला वाटते. म्हणून वाटपाची मुख्य माहिती येथे एकत्र देत आहोत.

वाटपाचा क्रम

मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून, म्हणजे तरक्यातून, आधी कफन-दफनाचा खर्च निघतो. मग कर्ज फेडायचे. अम्मीचा मेहर दिला गेला नसेल तर तोही कर्जच आहे, आणि नेमका तोच घरोघरी विसरला जातो. त्यानंतर वसीयत, तीही उरलेल्या मालमत्तेच्या जास्तीत जास्त 1/3 पर्यंत. सुन्नी फिकहप्रमाणे एखाद्या वारसाच्याच नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. यानंतर जे राहते ते वारसांचे.

कुणाचा किती हिस्सा

मुख्य हिस्से सूरह निसाच्या आयत 11, 12 आणि 176 मध्ये आले आहेत. समजा अब्बांच्या मागे अम्मी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. दादा-दादी हयात नाहीत. मुले असल्यामुळे अम्मीला 1/8. उरलेले 7/8 मुलगा-मुलगी 2:1 या प्रमाणात. म्हणजे एकूण 8 भाग करायचे: अम्मीला 1, प्रत्येक मुलाला 2, प्रत्येक मुलीला 1. घराची किंमत 80 लाख असेल तर अम्मीचे 10 लाख, मुलांचे 20-20 लाख, मुलींचे 10-10 लाख.

हा हक्क मृत्यूच्या क्षणी आपोआप मिळतो. भावाने "दिला" तर मिळाला, असे नाही. तसेच अब्बा हयात असताना कुठल्याच मुलाचा जन्माने हक्क नसतो.

बहिणीची राजीखुशी

"तुझ्या लग्नात खर्च केला, दागिने दिले, आता हिस्सा कसला?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. लग्नाचा खर्च म्हणजे विरासतीचा हिस्सा नव्हे. बहिणीने खरोखर मनापासून सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण हिस्सा किती, त्याची किंमत किती, हे तिला आधी कळले पाहिजे. मयताच्या घरात, चाळीसाव्याच्या गर्दीत पुढे केलेल्या कागदावरची सही म्हणजे राजीखुशी नव्हे. आणि वडील हयात असताना घेतलेले हक्कसोडपत्र साधारणपणे कायद्यात टिकत नाही, कारण तेव्हा सोडण्यासारखा हक्कच निर्माण झालेला नसतो. मात्र त्यासाठी मोबदला घेतला असेल तर प्रश्न वेगळा होऊ शकतो.

दुबईच्या पैशांचे घर

कोकणातल्या घरांत हा वाद जुनाच. थोरला भाऊ आखातात राबला, पैसे पाठवले, घर उभे राहिले. कागदावर नाव अब्बांचे. धाकटा गावात राहिला, त्याने आई-वडिलांची खिदमत केली. दोघांनाही वाटते की घर आपलेच. पाठवलेले पैसे वडिलांना भेट होते, कर्ज होते की भागीदारी, यावर सगळे अवलंबून आहे, आणि हे त्याच वेळी लिहून ठेवलेले नसते. कर्ज होते हे सिद्ध झाले तर ते वाटपाआधी फेडले जाईल. भेट असेल तर घर सर्व वारसांचे. खिदमतीने हिस्सा वाढत नाही. वडिलांना त्या मुलाला काही द्यायचेच असेल तर हयातीत हिबा करता येतो: देण्याची घोषणा, घेणाऱ्याची कबुली आणि ताबा, या तिन्ही गोष्टी हव्यात. मात्र देताना मुलांमध्ये इन्साफ ठेवण्याची हदीसमध्ये ताकीद आहे.

वारलेल्या भावाची मुले

वडिलांच्या आधी मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर नातवंडांना वारसा मिळत नाही. यावर उपाय आजोबांच्याच हातात आहे: 1/3 च्या मर्यादेत नातवंडांसाठी वसीयत. ती वेळेवर करावी.

कागदपत्रे

वारस नोंदीसाठी शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे, शहरात सिटी सर्व्हेकडे, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. अर्जात सर्व वारसांची नावे द्यावीत, बहिणींचीही. नाव गाळले म्हणून हक्क जात नाही, कारण फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. सोसायटीतल्या फ्लॅटचा नॉमिनीही केवळ नोंदीपुरता असतो. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्यावे. 1937 च्या शरीअत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे जमिनीसाठी वकिलाला जरूर विचारावे. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई, बाकी महाराष्ट्रात बहुतांश हनफी. बारीक मसल्यांत आपल्या मसलकच्या मुफ्तींचा सल्ला घ्यावा.

भावाबद्दलची वफादारी म्हणजे गप्प बसणे, असा समज बहिणींच्या मनात आपणच रुजवला आहे. हिस्सा मागितल्याने माहेर तुटत असेल तर दोष मागणाऱ्या बहिणीचा कसा? अम्मी हयात आहेत, सगळे एका दस्तरखानावर बसतात, तोवरच हा हिशोब करून टाका. पुढे ईदला एकमेकांच्या दारात जाताना मन मोकळे राहील.