पाचशे मिलिअँपिअरांचा हिशेब

कळसा नाल्याच्या पाण्याचा वाद कणकुंबीकरांना नवा नाही. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांचे वाटे ठरवून दिले. परंतु वाटा ठरविणे निराळे आणि घेतलेले पाणी मोजणे निराळे, हे पाटाकाठच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. संगणकाला जोडावयाच्या एका साध्या तारेच्या इतिहासातही हाच भेद दडलेला आहे.

पूर्वी विजेच्या जादा भाराची खबर देई ती फ्यूजची तार. ती वितळे आणि अंधार होई. भार कोणी वाढविला हे मात्र ती सांगत नसे. जानेवारी १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदी सात कंपन्यांनी यूएसबीचे पहिले मानक सिद्ध केले. त्याच्या शिल्पकारांतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आपणांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

या मानकाने वीज मागण्याची रीत घालून दिली. नव्याने जोडलेल्या उपकरणाने प्रथम १०० मिलिअँपिअरांहून अधिक वीज घ्यावयाची नाही. आपली कमाल गरज ऑपरेटिंग सिस्टीमला कळवावयाची आणि संमती मिळाल्यावरच ५०० पर्यंत जावयाचे. एका तारेच्या चार तारा करणारा हब संगणकाच्याच विजेवर चालत असेल, तर त्याला एकूण ५०० मिळतात. त्यांतले १०० तो स्वतःसाठी राखतो; चार खाचांच्या वाट्याला प्रत्येकी १०० येतात. अशा खाचेत ५०० मागणारी हार्ड डिस्क जोडली, तर ड्रायव्हर बेरीज करून तिला नकार देतो व पडद्यावर सूचना उमटते. भार पडण्यापूर्वीच दिलेला असा इशारा फ्यूजला कधीच साधला नसता.

मात्र ही बेरीज सांगितलेल्या आकड्यांची. मोजलेल्या विजेची नव्हे. प्रत्यक्ष प्रवाह वाढल्याचे हबमधील यंत्रणाच ओळखते, वीज तोडते आणि तशी खूण करून ठेवते. ड्रायव्हर ती खूण वाचतो. काही हब सर्व खाचांवर मिळून एकच पहारा ठेवतात, मग अपराधी सापडत नाही. स्वस्त हबांत पुष्कळदा पहाराच नसतो. त्यांतले काही तर अडॅप्टर लावलेला नसतानाही ‘माझी वीज स्वतंत्र आहे’ असे खुशाल सांगतात, आणि ड्रायव्हर बिचारा ते खरे मानतो. मग विजेचा दाब उतरतो, डिस्क मध्येच नाहीशी होते, पुन्हा प्रकटते. त्याच क्षणी शाळेचे निकालपत्रक लिहिले जात असेल तर फाईल अर्धीच राहते आणि बोल लागतो तो लिपिकाला.

२००८ च्या यूएसबी ३.० ने मर्यादा ९०० वर नेली. खोटे सांगणाऱ्या हबाचा प्रश्न त्याने सुटला नाही. निकालाच्या दिवसांत डिस्क थेट संगणकाच्याच खाचेत लावावी, अथवा हबला त्याचा अडॅप्टर जोडून घ्यावा.